गाडी म्हातारी नव्हती, तिरकी होती!

मैत्रिणींनो, ‘वय झालं आता, असंच चालायचं’ हे वाक्य आपल्यापैकी कितीजणींनी ऐकलंय? गुडघा दुखतो म्हणून सांगायला जावं, तर वय झालं. कंबर धरते म्हणावं, तरी वय झालं. आमच्या महिला मंडळाच्या आरोग्य शिबिरात येणाऱ्या कितीतरी बायका हे वाक्य ऐकूनच आलेल्या असतात. तपासणी झाली की कुणाचं हिमोग्लोबिन कमी निघतं, तर कुणाचं थायरॉइड बिघडलेलं असतं. म्हणजे दुखण्याला कारण असतं आणि बहुतेक वेळा त्यावर उपायही असतो. फक्त आधी कुणी तपासलेलं नसतं.

आज मात्र मी बायकांच्या दुखण्याबद्दल लिहिणार नाहीये. लिहिणार आहे एका जुन्या गाडीच्या दुखण्याबद्दल. तुम्ही म्हणाल, हा काय आपल्या पुरवणीचा विषय झाला? गाडी, पाटे, नट-बोल्ट हे सगळं ‘त्यांचं’ खातं! पण त्या गाडीत आपण बसतो, आपली मुलं बसतात, आणि आता आपल्यातल्या कितीतरी जणी गाडी चालवतातसुद्धा. तेव्हा थोडा वेळ काढून वाचाच.

आमच्या घरी प्रीमियर पद्मिनी आहे, १९८६ सालची. सासऱ्यांनी १९९१ मध्ये ती सेकंडहँड घेतली. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असतो, त्यामुळे पुढे सलग बैठक. लग्नाच्या वऱ्हाडात तिथे तिघं सहज मावायची! सासरे गेले, पण गाडी राहिली. मंडळाच्या कामाला तीच. शिबिराला डॉक्टरांना आणायचं, बचत गटाचे पापड-मसाले साताऱ्याला पोचवायचे, आणि वेळ आलीच तर रात्री-अपरात्री एखाद्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं. १०८ची रुग्णवाहिका आता आहे, तरी कधी कधी ती येईपर्यंत धीर धरवत नाही. अशा वेळी दारातली गाडी मोलाची ठरते.

या गाडीचं आणि आपल्या महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीबरोबरच्या करारातून गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ निघाली आणि तिचंच १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ असं बारसं झालं, चितोडच्या राणीच्या नावावरून. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटलं की हीच डोळ्यांसमोर यायची. तिचं उत्पादन थांबून पाव शतक होत आलं आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आमच्यासारख्यांच्या घरी मात्र ती अजून आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण करायचं, पर्यावरण कर भरायचा आणि चालवायची.

दुखणं पुढे दिसलं, होतं मागे

तर सांगायचा मुद्दा असा, की गेल्या पावसाळ्यात ही गाडी एकदम परक्यासारखी वागायला लागली. सरळ रस्त्यावर सरळ जायचं, तर स्टिअरिंग थोडं डावीकडे धरून ठेवावं लागायचं. ब्रेक मारला की मागून ‘टक्’ असा आवाज. पुन्हा निघताना तसाच आवाज. पसरणीच्या घाटात, ओल्या रस्त्यावर वळण घेताना मागची बाजू आपल्या मनाने चाललीय असं वाटायचं. मागच्या बैठकीवर सासूबाई आणि मंडळाच्या दोन बायका. माझ्या तर पोटात गोळाच यायचा.

एका गॅरेजमध्ये दाखवली. ‘व्हील अलाइनमेंट गेलीय’ म्हणाले. पुढच्या चाकांची अलाइनमेंट करून दिली. स्टिअरिंग सरळ दिसायला लागलं, आम्ही खूश. पण दोन महिन्यांत पुढचा डावा टायर एका कडेने साफ झाला. पुन्हा अलाइनमेंट. आठ महिन्यांत तीनदा अलाइनमेंट झाली आणि दोन नवे टायर वाया गेले. तिसऱ्या वेळी तिथल्या मेकॅनिकने निकालच देऊन टाकला, ‘‘वहिनी, गाडीचं वय झालं. आता अशीच चालणार. भंगारात काढा.’’

झालं! घरात चर्चा सुरू. ह्यांचं म्हणणं, टायरवर किती पैसे घालायचे? चिरंजीवांनी तर नव्या गाडीच्या हप्त्यांचा हिशेबही मांडला. सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘काढायची तर काढा. पण काय झालंय ते आधी बघून तर घ्या.’’

मला ते पटलं. ओळखीतून एका चाचांचा पत्ता मिळाला. मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजात अठरा वर्षं काम करून ते आता इकडे येऊन राहिलेत. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘ताई, ओल्या जमिनीवरून गाडी काढून बघितली का?’’

ही युक्ती इतकी सोपी आहे, की तुम्हालाही करता येईल. सकाळी सडा घालतो तसं सिमेंटच्या रस्त्यावर भरपूर पाणी मारायचं. गाडी त्यातून हळू आणि अगदी सरळ कोरड्या भागावर न्यायची आणि मागे उमटलेले चाकांचे ओले पट्टे बघायचे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर सारखं असतंच असं नाही, त्यामुळे मागचा पट्टा पुढच्या पट्ट्याच्या थोडा आत किंवा बाहेर पडू शकतो. पण जो काही फरक असेल, तो डावीकडे आणि उजवीकडे सारखाच हवा. आमच्या गाडीचा डावीकडचा मागचा पट्टा पुढच्या पट्ट्याच्या बाहेर पडला होता आणि उजवीकडचा आत गेला होता. म्हणजे गाडी जात होती सरळ, पण तिचं अंग होतं तिरकं. खेकड्यासारखं!

बैलगाडीचा आख आणि टांग्याची कमान

असं का होतं, ते चाचांनी समजावलं. पद्मिनीची मागची दोन्ही चाकं एकाच भक्कम आडव्या आसावर असतात. बैलगाडीचा आख असतो ना, तसंच. गॅरेजमध्ये त्याला ‘हाउसिंग’ म्हणतात. इंजिनाची ताकद मधल्या लांब दांड्यातून या आसाकडे येते आणि मागची चाकं गाडीला पुढे ढकलतात. हा आस दोन बाजूंच्या दोन पाट्यांवर बसवलेला असतो. टांग्याच्या कमानीसारखेच हे पाटे, म्हणजे पोलादाच्या पट्ट्या एकावर एक ठेवून बांधलेल्या.

पट्ट्यांच्या मधोमध एक बोल्ट आरपार जातो, तो ‘सेंटर बोल्ट’. त्याचं डोकं आसाच्या बैठकीतल्या भोकात बसतं आणि आस नेमका कुठे राहायचा हे ठरवतं. आस आणि पाटा घट्ट आवळून धरायचं काम मात्र ‘यू बोल्ट’ करतात. हे यू बोल्ट सैल झाले, की निघताना आणि ब्रेक मारताना बसणारा सगळा हिसका बिचाऱ्या त्या एकट्या सेंटर बोल्टवर येतो. एक दिवस तो तुटतो. मग आसाचं ते टोक हळूहळू मागे सरकतं.

आमच्याकडे डाव्या बाजूला नेमकं हेच झालं होतं. डावं टोक मागे गेलं, की अख्खा आस वळतो आणि मागची चाकं गाडीला थोडी डावीकडे ढकलत राहतात. त्यामुळे गाडीचं तोंड उजवीकडे जाऊ पाहतं. ते सरळ ठेवायचं तर आपण स्टिअरिंग डावीकडे धरतो. लक्षात आलं का? हाताला जाणवतं पुढे, पण दुखणं असतं मागे.

आणि टायर का झिजले? स्टिअरिंग सरळ दिसावं म्हणून प्रत्येक वेळी पुढच्या एकाच बाजूचा टाय रॉड फिरवला गेला. त्यामुळे पुढची दोन चाकं एकमेकांना धरून राहिली नाहीत. माणसाचं एक पाऊल सरळ आणि दुसरं फेंगडं पडावं, तसं झालं. मग चाक रस्त्यावर नुसतं फिरत नाही, घासतंही. टायर कितीही चांगल्या कंपनीचा घेतला, तरी तो टिकणार कसा?

गोधडीचं माप

चाचा घरी आले ते शेजारच्या गवंड्याकडचा ओळंबा, मोजपट्टी आणि खडू घेऊनच. गाडी सपाट फरशीवर उभी केली. चारही टायरांची हवा नीट केली. गाडी दोन-चार फूट पुढे-मागे ढकलून घेतली, म्हणजे पाटे आपल्या जागी बसतात. मग पाट्याचं पुढचं टोक ज्या बोल्टने गाडीला जोडलेलं असतं, तिथून ओळंबा सोडला आणि खाली फरशीवर खडूने खूण केली. दुसऱ्या बाजूलाही तसंच. नंतर आसाच्या दोन्ही टोकांना अगदी सारख्याच जागेवरून ओळंबा सोडून आणखी दोन खुणा. गाडी पुढे काढली, तर फरशीवर रांगोळीच्या ठिपक्यांसारखे चार ठिपके!

आधी दोन्ही बाजू मोजल्या. उजवीपेक्षा डावी बाजू बारा मिलिमीटरने जास्त भरली. एवढ्यात सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या, ‘‘अरे, कोपऱ्यातून कोपऱ्यात पण माप की. गोधडी गुण्यात आहे का ते तसंच बघतात.’’ चाचा हसले. म्हणाले, ‘‘आजी, तेच करणार होतो. तुम्ही आमच्या गॅरेजमध्ये यायला पाहिजे होतं!’’

खरंच आहे ते. गोधडीच्या किंवा टेबलक्लॉथच्या समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या, तरी तो चौकोन कलंडलेला असू शकतो. दोन्ही कर्ण सारखे आले, तरच तो गुण्यात आहे. गाडीचंही तेच. दोन बाजूंच्या मापात फरक आला, तर आस वळलाय. बाजू सारख्या, पण कर्णांत फरक असेल, तर आख्खा आस एका कुशीला सरकलाय. आमच्या गाडीत बाजूंतही फरक होता आणि कर्णांतही.

बारा मिलिमीटर म्हणजे केवढं? आपल्या करंगळीच्या जाडीएवढं. पण दोन चाकांमधलं अंतर साधारण सव्वा मीटर आणि पद्मिनीच्या पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर २३४० मिलिमीटर. त्या हिशेबाने मागची बाजू दोन-सव्वादोन सेंटिमीटर बाहेर पडते. आणि नुसतं तेवढंच असतं, तर एक वेळ चाललंही असतं. धोका असा, की आस बांधलेला नसून सैल होता. ब्रेक मारला की तो हलणार, पुन्हा निघालं की हलणार. घाटात, पावसात, गाडी भरलेली असताना तो आणखी सरकला असता तर? या विचारानेच अंगावर काटा आला. तीनदा अलाइनमेंट करून आम्ही याच गाडीतून माणसं नेत होतो.

दुरुस्ती झाली ती अशी

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगते. माप घरी घेता येतं, दुरुस्ती मात्र घरी करायची नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी, कधीही शिरू नये. चाचांनी पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, गाडीचा सांगाडा मागून घोड्यांवर टेकवला आणि आसाखाली वेगळा ट्रॉली जॅक दिला. मगच यू बोल्ट खोलले. सेंटर बोल्टचे खरोखरच दोन तुकडे निघाले.

ते बदलताना त्यांनी एवढ्या गोष्टी पाहिल्या. सेंटर बोल्टचं डोकं जिथे बसतं, ते भोक लांबट तर झालं नाही ना? झालं असेल तर नवा बोल्टही पुन्हा हलतो. एखादी पट्टी तडकलीय का? दोन्ही पाट्यांची कमान सारखी आहे का? कारण एक पाटा बसला असेल, तर गाडी त्या कुशीला झुकते. पाट्याच्या टोकांचे रबरी बुश आमच्याकडे पार झिजले होते. ते दोन्ही बाजूंचे बदलले. यू बोल्ट जुनेच परत न वापरता नवे घातले, कारण एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तेवढा घट्ट धरेल याचा भरवसा नसतो.

नट आवळायचीही पद्धत आहे. एक नट पूर्ण आवळून मग दुसरा, असं नाही. समोरासमोरचे, थोडे थोडे करून, आणि शेवटी टॉर्क रेंचने मापात. बुशचे बोल्ट तर गाडी खाली उतरवून, चाकांवर तिचं वजन आल्यावरच शेवटचे आवळायचे. गाडी वर असतानाच ते आवळले, तर खाली उतरवल्यावर रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. नंतर ओळंबा पुन्हा सोडला, चारही ठिपके पुन्हा काढले. बाजू सारख्या, कर्ण सारखे! मग कुठे पुढच्या चाकांची अलाइनमेंट केली, आणि तीही दोन्ही टाय रॉड सारखे ठेवून. तीनशे-चारशे किलोमीटर चालल्यावर यू बोल्ट पुन्हा एकदा तपासून घेतले. नवे पाटे-बोल्ट थोडे बसतात, म्हणून हे करावंच लागतं.

सगळा खर्च झाला तो साधारण दोन टायरांच्या किमतीएवढा. म्हणजे जेवढे आम्ही आधीच वाया घालवले होते, तेवढाच.

आपल्या गाडीचं काय?

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे पद्मिनी आहे? पण पाट्यांवरची गाडी आपल्या गावागावांत आजही आहे. बोलेरो मागून पाट्यांवरच असते. उत्पादन थांबलेली ओम्नीही तशीच, आणि ती अजून पुष्कळ घरी आहे. वडापच्या कितीतरी जीप, मालाचे टेम्पो, सगळ्यांत हीच तऱ्हा. या गाड्यांत मागच्या चाकांचा कोन फिरवायला कुठला स्क्रू नसतो. आस आपल्या जागी आहे की नाही, एवढंच बघायचं असतं.

सगळ्याच जुन्या गाड्या अशा नसतात हं. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलमध्ये मागची दोन चाकं वेगवेगळी हलतात आणि त्यांना धरणाऱ्या पट्टीला लांबट भोकं असतात. बोल्ट सैल करून चाक थोडं पुढे-मागे सरकवता येतं. मद्रासला तयार होणाऱ्या स्टँडर्ड हेराल्डला मागे एकच आडवा पाटा होता. तो बसला, की मागची चाकं वरून आत कलायची. तेव्हा जुनी गाडी असेल, तर तिची रचना माहीत असलेला माणूस शोधावा.

आणि आजच्या नव्या गाड्यांना? त्यांनाही हे लागू आहे. पुढच्या चाकाचा टायर एका कडेने झिजतोय, स्टिअरिंग सरळ राहत नाही, असं असेल तर चारही चाकांची अलाइनमेंट मोजायला सांगा. कॉम्प्युटरवर मोजणाऱ्या दुकानात छापील रिपोर्ट मिळतो. त्यात ‘थ्रस्ट अँगल’ असा एक आकडा असतो. मागची चाकं गाडीला कुठल्या दिशेने ढकलतात, ते तो सांगतो. तो शून्याच्या जवळ हवा. तो आकडा बोट ठेवून विचारा. ‘वहिनी, तुम्हाला नाही कळायचं’ असं कुणी म्हणालं, तर हसून पुन्हा विचारा.

गॅरेजमध्ये जाताना आपण साधारणपणे ‘गाडी कशीतरीच चालते’ असं सांगतो. त्याऐवजी नेमकं सांगावं. स्टिअरिंग कुठल्या बाजूला धरावं लागतं? आवाज निघताना येतो, की ब्रेक मारताना, की दोन्ही वेळा? टायर कुठला आणि कुठल्या कडेने झिजला? ओले पट्टे कसे पडले? त्याचा मोबाइलवर फोटो काढून न्या. डॉक्टरकडे ताप किती, कधीपासून, हे आपण लिहून नेतो ना, तसंच. आणि पुढची अलाइनमेंट करण्याआधी मागचं तपासलं का, हे विचारायला विसरू नका.

प्रत्येक जुनी गाडी ठेवावीच असं मी म्हणणार नाही. सांगाडा गंजून गेला असेल, पाटे जिथे जोडतात तिथला पत्राच कुजला असेल, तर तिला निरोप देणं हेच शहाणपणाचं. पण तो निर्णय तपासून घ्यावा. गाडी असो, घरातलं वडीलधारं माणूस असो, की आपला स्वतःचा दुखरा गुडघा असो, ‘वय झालं’ असं कुणी सांगितलं, की एकच साधा प्रश्न विचारायचा, ‘‘तपासून सांगताय ना?’’